तक्त्यात शेवळ नाही

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांवर बरंच लिहून झालं आहे. १९१० सालचं लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया', १९७० चं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' या पुस्तकांवर लेख आहेत, आठवणी आहेत, वादही आहेत. पण डाएटिशियनचा चार्ट, कॅलरी मोजणारं ॲप, सरकारी पोषण योजनेचा मेनू आणि खेळाडूंचा आहार ज्या एका पुस्तकाच्या किंवा त्याच्या भाऊबंदांच्या आधाराने ठरतो, त्याचं परीक्षण मराठीत माझ्या वाचनात आलेलं नाही.

त्या पुस्तकाचं नाव 'इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स २०१७'. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, ते काढलं. टी. लोंगवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाचे ६ विभाग करून नमुने गोळा केले, ५२८ खाद्यपदार्थ तपासले आणि १५१ घटक मोजले. ५२८ ओळी आणि १५१ रकाने, म्हणजे जवळपास ८० हजार घरं. सगळी भरलेली नाहीत, पण काम अफाट आहे, आणि त्याबद्दल आदर ठेवूनच पुढचं लिहितोय.

मी डेटाबेसवर काम करणारा माणूस आहे. कुठलाही तक्ता समोर आला की आधी आकडे न बघता तक्त्याची रचना बघायची, ही कामाची सवय. ओळ कशाला दिली? रकाना कशाला दिला? काय एकत्र केलं आणि काय वेगळं ठेवलं? ज्याने तक्ता बनवला त्याचं जग कसं आहे, ते आकड्यांपेक्षा या निवडींतून जास्त कळतं. हा तक्ता मी तानसाच्या बाजूने, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या ताटावरून वाचायचा प्रयत्न करतोय.

ओळी कोणाला मिळाल्या

पालेभाज्यांच्या गटात ३४ ओळी आहेत. त्यात ब्रसेल्स स्प्राउट्स आहे, पाक चोय आहे, चायनीज कॅबेज आहे, लेट्यूस आणि पार्सली आहे. टाकळा नाही. कुर्डू नाही. भारंगी नाही, लोत नाही. पहिल्या पावसाच्या आधी जमिनीतून वर येणारी आणि कल्याण-ठाण्याच्या बाजारात जुडीने विकली जाणारी शेवळंही पालेभाज्यांत नाहीत.

कंदांच्या गटात १९ ओळी आहेत. बटाट्याला ३, मुळ्याला ४. रानातल्या कंदांसाठी एकच ओळ आहे, तिचं नाव 'यॅम, वाइल्ड'. करांदे, कडूकंद आणि बाकीचे सगळे रानकंद या एका ओळीत. कडूकंद आणि करांदा यांतला फरक आमच्याकडे लहान पोरालाही सांगावा लागतो, कारण एक नुसता उकडून खाता येतो आणि दुसरा तसा खाल्ला तर त्रास होतो. तक्त्याच्या दृष्टीने दोन्ही 'वाइल्ड'.

समुद्री माशांना ९२ ओळी आहेत. गोड्या पाण्यातले मासे आणि कवचवाले जीव मिळून १०. त्यात रोहू आहे, कटला आहे. पहिल्या पावसात ओढ्या-शेतांतून उलट्या धारेने चढणारी वलगण ज्यांनी बघितली आहे, त्यांना हा १० चा आकडा फार छोटा वाटेल.

तांदळाला ५ ओळी आहेत: पोहे, कुरमुरे, न सडलेला, उकडा आणि सडलेला. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तक्त्यात कोलम, झिनी आणि बाकी सगळे वाण मिळून 'तांदूळ, कच्चा, सडलेला' एवढेच. त्याच गटात क्विनोआला मात्र स्वतंत्र ओळ आहे.

नावांकडेही बघा. वरी या तक्त्यात 'समई' म्हणून येते, हरीक 'वरगु' म्हणून, अंबाडी 'गोगु' म्हणून. ही तमिळ-तेलुगू नावं आहेत. इतर भाषांतली नावं पुस्तकात दिलेली आहेत, त्यामुळे ही तक्रार नाही, खूण आहे. या संस्थेचा जन्म १९१८ साली नीलगिरीतल्या कुन्नूरला बेरीबेरीच्या संशोधनासाठी झाला, १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. संस्था जिथे वाढली तिथल्या स्वयंपाकघराचा वास तिच्या शीर्षकांना येणारच.

याला वंशाचा किंवा प्रांताचा कट समजायचं कारण नाही. एका पदार्थाचे १५१ घटक तपासणं खर्चिक असतं. म्हणून देशभर जास्त लोक जे जास्त खातात ते आधी घ्यायचं, हा नियम. नियम समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा की जी भाजी फक्त ५ तालुक्यांत आणि फक्त ३ आठवडे खाल्ली जाते, ती या नियमाने कधीच आत येणार नाही. आणि रानभाजी म्हणजे नेमकं तेच: थोड्या जागेत, थोडे दिवस.

तक्त्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. मांसाच्या गटात ६३ ओळी आहेत आणि त्यात वजडी, फुफ्फुस, प्लीहा, जीभ यांना स्वतंत्र जागा आहे. मराठी मध्यमवर्गीय पाकपुस्तकांनी जे ताटाबाहेर ठेवलं, ते सरकारी प्रयोगशाळेने निर्विकारपणे मोजलं. प्रयोगशाळेला किळस नसते. तिला फक्त यादी लागते, आणि यादी कोण बनवतं हा प्रश्न तिथे सुरू होतो.

रिकामं घर म्हणजे शून्य नाही

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्या वर्षीच कळतं की 'माहिती नाही' आणि 'शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याच्या बँक खात्याची माहिती नसणं आणि खात्यात शून्य रुपये असणं यांत फरक आहे. हा फरक विसरला की प्रोग्रॅम बंद पडत नाही, तो शांतपणे चुकीचं उत्तर देतो.

आहार सर्वेक्षणात हेच होऊ शकतं. साधारण पद्धत अशी की घरी जाऊन 'गेल्या २४ तासांत काय खाल्लं?' असं विचारायचं, प्रमाण लिहायचं आणि तक्त्यातल्या आकड्याने गुणायचं. भात सापडतो, डाळ सापडते. कुर्डूची भाजी सापडत नाही, मग जवळची कुठलीतरी भाजी घ्यायची किंवा 'इतर' मध्ये टाकायची. खेकड्याचं कालवण दुपारी शेतावरच झालं असेल तर ते आठवणीतही येत नाही. सर्वेक्षण फेब्रुवारीत असेल तर शेवळाचा प्रश्नच नाही. गणिताच्या शेवटी कागदावर उरतो भात आणि थोडी डाळ. मग निष्कर्ष तयार असतो: आहारात विविधता नाही, सूक्ष्म पोषकतत्त्वं कमी, लोकांना पोषणाचं ज्ञान नाही.

या वाक्यातले पहिले दोन भाग खरे असू शकतात. बऱ्याच घरांत ते खरेच आहेत. तिसरा भाग तक्त्याच्या रिकाम्या घरातून आलेला आहे.

ज्ञानाचंच बोलायचं तर शेवळ घ्या. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तशीच शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून भाजीत काकडं नावाची आंबट फळं घालतात, नाहीतर चिंच. कडूकंदाचे पातळ काप करतात, उकडतात, पाणी टाकून देतात, पुन्हा वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो पोटाला चालतो. कोणत्या महिन्यात, किती कोवळं, किती वेळा पाणी बदलून, हे सगळं त्या पदार्थाचाच भाग आहे. तक्त्याचं एकक मात्र 'खाण्याजोगा भाग, १०० ग्रॅम, कच्चा' असं आहे. कच्चा कडूकंद हे अन्नच नाही. तो अन्न बनतो तो पाण्याने आणि करणाऱ्या बाईच्या हाताने. या दोन्हींना रकाना नाही.

तक्त्यातली उणीव बघून उपाय ठरवला की उपायही तक्त्यासारखाच होतो. लोह कमी, म्हणून तांदळात लोह. रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आला: १०० दाण्यांमागे लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला एक दाणा. कल्पनेत तर्क आहे. पण तो दाणा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, आणि गावोगाव 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी कुजबुज झाली. बायांनी ते दाणे निवडून फेकले. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण खाण्याआधी पदार्थ पारखायचा, पाण्यात टाकून बघायचा, संशयास्पद ते काढून टाकायचं, हेच तर कडूकंद खाणाऱ्या माणसाचं पिढीजात शास्त्र आहे. ते शास्त्र लक्षात घेऊन आधी कोणी नीट बोललं असतं, तर कदाचित दाणे फेकले गेले नसते.

उंदीर, पैलवान आणि धावपटू

अन्नावरून माणसाची ताकद मोजायची हौस जुनी आहे. ज्या कुन्नूरच्या संस्थेतून आजचा तक्ता आला, तिचे संस्थापक रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात एक प्रसिद्ध प्रयोग केला. उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचा आहार दिला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, मग पठाण, मग मराठा, मग गुरखा, कानडी, बंगाली आणि शेवटी मद्रासी. गहू, दूध, डाळ आणि भाज्या असलेला आहार सडलेल्या तांदळाच्या आहाराहून सरस, हा पोषणशास्त्रीय निष्कर्ष चुकीचा नव्हता.

पण हा क्रम पुन्हा वाचा. ब्रिटिश सैन्यभरतीत ज्यांना 'लढवय्ये' म्हटलं जायचं, ते वर. ज्यांना नाही, ते खाली. प्रयोग आहाराचा होता, पण गटांना नावं दिली ती समाजांची, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात उरली तीही समाजांचीच यादी. पिंजऱ्यातल्या मद्रासी उंदराला शेतसारा नव्हता, सावकार नव्हता, दुष्काळ नव्हता. तो भात का खातोय, हा प्रश्न प्रयोगाच्या बाहेर होता. मॅकॅरिसन स्वतः गरिबीबद्दल अनभिज्ञ नव्हते, पण प्रयोगाच्या आखणीत गरिबीला रकाना नव्हता.

मराठीत खेळाडूच्या आहाराला एक नेमका शब्द आहे: खुराक. कोल्हापूरच्या तालमीतली थंडाई, बदाम, दूध, तूप, मटण. या शब्दाची गंमत अशी की खुराक हा नुसता पदार्थांचा संच नाही, तो कोणीतरी लावून द्यावा लागतो. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तिथे जाण्याच्या खर्चासाठी गावातून वर्गणी काढावी लागली होती. जेवण आपलं आपण जेवतो. खुराकामागे पैसे देणारा कोणीतरी असतो. आजच्या जिमच्या भाषेतला प्रोटीन पावडरचा डबाही खुराकच आहे, फरक इतकाच की तो ज्याचा त्याला घ्यावा लागतो.

जगात याचीच एक आवृत्ती केनियात सापडते. केनियाचे धावपटू जिंकायला लागल्यावर सगळ्यांना त्यांच्या ताटाचं कुतूहल वाटू लागलं. २००४ साली ओनीवेरा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या अव्वल धावपटूंचं खाणं आठवडाभर वजन करून मोजलं. जवळपास ७६ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास. उगाली म्हणजे मक्याचं घट्ट पीठ, भात, बटाटे, कोबी, राजमा, आणि भरपूर दूध-साखरेचा चहा. कुठलाही गुप्त पदार्थ नाही. उगालीचा मकाही मूळचा आफ्रिकेचा नाही, अमेरिकेतून आलेला. आणि सगळ्यात बोलकी नोंद अशी की ते धावपटू जेवढी ऊर्जा खर्च करत होते तेवढी खात नव्हते.

मेक्सिकोतल्या रारामुरी लोकांचं असंच झालं. ख्रिस्तोफर मॅकडुगल यांच्या 'बॉर्न टू रन' या २००९ च्या पुस्तकाने त्यांना जगप्रसिद्ध केलं आणि त्यांच्यासोबत चिया बियांनाही. आज मुंबईच्या दुकानात चिया मिळतं. २०२० साली 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी या कथेची चिकित्सा केली. त्यांचं म्हणणं असं की रारामुरींचं धावणं त्यांच्या कष्टाशी, नाचाशी, प्रार्थनेशी जोडलेलं आहे, आणि 'निसर्गाने घडवलेला रानटी धावपटू' ही बाहेरच्यांची कल्पना आहे.

आपल्याकडे 'सावरपाडा एक्स्प्रेस' आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं. तिचं यश 'नागलीच्या भाकरीची ताकद' अशा एका वाक्यात सांगणं ऐकायला गोड आहे, पण त्यात तिचे नाशिकमधले प्रशिक्षक, तिने धावलेले हजारो किलोमीटर आणि तिची जिद्द पुसली जाते. आणखी एक अवघड प्रश्नही झाकला जातो: तीच नागली खाणाऱ्या बाकीच्या मुली का नाही पोचल्या?

नाचणीचं कौतुक

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात भरडधान्यांना 'श्री अन्न' म्हटलं गेलं. तेव्हापासून नाचणीची कुकीज, नाचणीचा पास्ता, आणि 'आजीचं सुपरफूड' या मथळ्याची रील्स यांना तोटा नाही. लेखनप्रकार म्हणून या सगळ्याचा साचा ठरलेला आहे: आपण विसरलो, पाश्चात्त्यांनी ओळखलं, आता परत फिरा.

तक्त्याकडे गेलं तर कौतुक अर्धं खरं ठरतं. १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, सडलेल्या तांदळात ८ मिलिग्रॅमसुद्धा नाही. लोह नाचणीत ४.६ मिलिग्रॅम, तांदळात पाऊणहून कमी. प्रौढ माणसाची कॅल्शियमची रोजची शिफारस १००० मिलिग्रॅम आहे, तेव्हा नाचणीचा दावा भक्कम आहे. पण प्रथिनं? नाचणीत ७.१६ ग्रॅम, सडलेल्या तांदळात ७.९४. जिमला जाणारा मुलगा 'हाय प्रोटीन' म्हणून नाचणीचा डोसा खात असेल, तर त्याच्या तो साधा डोसाही चालला असता.

शिवाय कॅल्शियम तक्त्यात असणं आणि हाडात पोचणं यांमध्ये फायटेट उभं असतं. ते कॅल्शियम, लोह, जस्त यांना धरून ठेवतं. तक्त्याच्या श्रेयासाठी सांगायचं तर त्यात फायटेटचाही रकाना आहे, पण तोही कच्च्या धान्याचा. नाचणी भिजवली, मोड आणले, आंबवली की फायटेट कमी होतं. आंबील हे याच कामाचं तंत्र आहे. पीठ भिजवून रात्रभर ठेवणाऱ्या बाईला फायटेट हा शब्द माहीत नसेल, पण क्रिया माहीत आहे. रीलवरच्या कुकीत मोडही नाहीत आणि आंबवणंही नाही, साखर आणि लोणी मात्र आहे. धान्य उचललं, प्रक्रिया मागे ठेवली.

सुपरफूडच्या लेखनावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यात आकडे खोटे असतात असं नाही. तक्त्याचं एकक त्यात जसंच्या तसं उतरतं: १०० ग्रॅम धान्य, कोणाच्याही हातातून, कुठल्याही पाण्यातून, कुठल्याही जमिनीतून न आलेलं. म्हणूनच ते इतक्या सहज पाकिटात भरता येतं.

८५० ग्रॅम

आता तेच आकडे जरा उलटे लावून बघू. एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या, जड काम करणाऱ्या स्त्रीची ऊर्जेची गरज दिवसाला २७२० किलोकॅलरी आहे. जड काम म्हणजे काय? चिखलात दिवसभर वाकून आवणी करणं. डोक्यावर पाणी आणणं. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणं आणि तिथे माती कालवणं, विटा थापणं. शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकूर, वारली पाड्यांत हे वर्षाचं वेळापत्रक आहे. यातलं काहीही क्रीडाशास्त्राच्या 'परफॉर्मन्स' मध्ये मोजलं जात नाही.

ही ऊर्जा फक्त नाचणीतून घ्यायची म्हटली तर दिवसाला साधारण ८५० ग्रॅम पीठ लागेल. कोणी फक्त नाचणी खात नाही हे खरं, पण प्रमाणाचा अंदाज येतो. दुसरीकडे अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या एका माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. रोजचे झाले १६७ ग्रॅम. ते सगळं तांदूळ धरलं तर साधारण ५९० किलोकॅलरी, म्हणजे त्या बाईच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. बाकीचे ४ हिस्से बाजार, शेत, ओढा आणि जंगल यांतून यायला हवेत.

मग प्रश्न पोषणमूल्याचा राहत नाही, वाटेचा होतो. जंगलात जाता येतं का? वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे, पण हक्क कागदावर असणं आणि शेवळं घेऊन येणाऱ्या बाईला कोणी न अडवणं यांत अंतर आहे. वाहतं पाणी आहे का? तानसा धरण १८९२ सालचं, मुंबईसाठी बांधलेलं. भातसाही याच तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा इथून जातो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. कडूकंद धुवायला वाहतं पाणी लागतं, हे वाक्य तानसाच्या काठावर लिहिताना वेगळंच वाटतं.

आणि हेही लक्षात ठेवायला हवं की शेवळाची पहिली जुडी घरात शिजत नाही, ती लोकलने शहरात जाते. सीकेपी घरांतली शेवळाची कणी प्रसिद्ध आहे, आणि तिच्यासाठी जंगल फिरणारी बाई बहुधा त्या पाककृतीच्या बाहेर असते. रानभाजी विकून आलेल्या पैशात ती तेल आणि कांदे-बटाटे घेते. तिने असं करू नये, आपलं पारंपरिक पौष्टिक अन्न स्वतःच खावं, असं म्हणण्याचा अधिकार दोन्ही वेळ जेवलेल्या माणसाला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ५ वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. हा आकडा सगळ्या राज्याचा आहे, श्रीमंत जिल्हे धरून.

पाटोळे काय वेगळं करतात

या विषयावर मराठीत एक पुस्तक आहे जे तक्ताही नाही आणि सुपरफूडची जाहिरातही नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याचा तो दस्तऐवज आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांच्या अनुवादाने ते इंग्रजीतही गेलं आणि तेव्हा त्याची जास्त चर्चा झाली, हे आपल्या वाचनसंस्कृतीबद्दल काहीतरी सांगतं.

पाटोळे पाककृती देतात, पण पदार्थासोबत तो घरात कसा आला तेही देतात. कोणी दिला, कोणत्या कामाच्या बदल्यात, काय मिळालं नाही म्हणून काय शिजवलं. तेल-मसाला नसणं हा त्यांच्या लेखी चवीचा प्रकार नाही, परिस्थिती आहे. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात पदार्थाचा अभिमानही आहे आणि तो पदार्थ खावा लागण्याचा रागही. दोन्ही एकाच पानावर राहू शकतात. पोषणाच्या लेखनात मला हेच सापडत नाही. तिथे पारंपरिक अन्न एक तर अपुरं असतं किंवा अमृत.

पाटोळ्यांच्या पुस्तकात आकडे नाहीत, आणि ते त्यांचं कामही नाही. पण त्यांनी वापरलेले रकाने बघा: कोणाचं, कुठून, कधी, कशाच्या बदल्यात, कसं शिजवलं. अन्नाचा तक्ता बनवायला बसलेल्या कोणीही ही यादी समोर ठेवायला हरकत नाही.

पुढची आवृत्ती

हा तक्ता १९३७ साली ॲक्रॉइड यांच्या छोट्या सरकारी पुस्तिकेच्या रूपात सुरू झाला. १९७१ मध्ये सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी तो नव्याने मांडला, २०१७ मध्ये तो पुन्हा नव्याने मोजला गेला. म्हणजे तो बदलतो. पुढेही बदलेल.

आणि त्याला हवी असलेली निम्मी माहिती सरकारकडेच दुसऱ्या कपाटात पडून आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. माधव गाडगीळांनी रुजवलेली ही कल्पना. त्यात गावातली वनस्पती, तिचं स्थानिक नाव, हंगाम, उपयोग आणि माहीतगार माणसं यांची नोंद असते. कृषी विभाग दरवर्षी ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे बाया भाज्या मांडतात आणि त्या कशा करायच्या हेही सांगतात. एका वहीत नाव, महिना आणि प्रक्रिया आहे पण घटक नाहीत. दुसऱ्या पुस्तकात घटक आहेत पण नाव, महिना आणि प्रक्रिया नाही. आमच्या धंद्यात याला फार सोपा प्रश्न म्हणतात: दोन तक्ते आहेत, त्यांना जोडणारा समान रकाना नाही.

तो रकाना शास्त्रीय नावाचा असू शकतो, आणि तो भरायला ५२८ पदार्थ नव्याने तपासायची गरज नाही. शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाडा इथल्या नोंदवह्यांतून सगळ्यात जास्त वेळा आलेल्या ३०-४० भाज्या, कंद आणि ओढ्यातले मासे निवडायचे. ते कच्चे नाही तर खातात तसे, काकडं घालून, पाणी बदलून, आंबवून झाल्यावर तपासायचे. नमुना आणणाऱ्या आणि शिजवून देणाऱ्या बाईला प्रयोगशाळेच्या सहायकाइतके पैसे द्यायचे आणि अहवालात तिचं नाव घालायचं.

एवढं झालं तर अंगणवाडीताईच्या रजिस्टरमध्ये 'कुर्डू' लिहिता येईल आणि त्यापुढे आकडा येईल. मग मूल अशक्त का, या प्रश्नाचं उत्तर आईच्या अज्ञानात शोधायच्या आधी तिच्या वाटणीला भाजी किती आली, पाणी किती आलं आणि धान्य किती आलं, हे मोजावं लागेल.